रंग बदलला का?

६ जानेवारी १९४१, सोमवार. औरंगाबाद

पुन्हा चुकलं! फ्लास्कात सोड्याचं पाणी. त्यात मिथिल ऑरेंजचा थेंब, म्हणजे पिवळं दिसतं म्हणे. वरच्या ब्युरेटच्या नळीतून तेजाब, म्हणजे आम्ल, थेंब थेंब सोडायचं. सोडा पुरा मारला गेला की पाणी लालसर होतं. तिथंच थांबायचं, किती तेजाब लागलं ते वाचायचं, मंग हिशेब. झालं टायट्रेशन. सगळ्या वर्गाला जमतं. मी सोडत राह्यलो, सोडत राह्यलो — ब्युरेट रिकामी!

प्रोफेसरसाहेब मागं उभे. "आँखें हैं या बटन?"

वर्ग पोट धरून हसला.

८ जानेवारी

समजत न्हाई असं न्हाई. तेच तर जळतं! आम्ल आणि अल्कली एकमेकांना बराबर पुरतात, कुणीच उरत न्हाई, तो बिंदू मी कागदावर झोपेतसुद्धा काढीन. शेजारच्या टेबलावरच्या दीनानाथला समीकरणं मीच शिकवली. जालन्याच्या वकिलाचा मुलगा. त्याचं उत्तर बरोबर येतं. माझं न्हाई.

१० जानेवारी

आज प्रॅक्टिकलची परीक्षा. हळूच दीनानाथला विचारलं, "रंग बदलला का रे?" एवढंच. साहेबांनी ऐकलं. नक्कल केली म्हणाले. मी म्हटलं, साहेब, उत्तर न्हाई विचारलं, रंग विचारला.

"रंग भी पूछना पड़ता है?"

दीनानाथ टेबलाकडं बघत राह्यला. समीकरणं शिकताना तोंड होतं त्याला!

सायन्समधून नाव काढलं. डॉक्टर व्हायचं होतं मला. आमच्या मंठ्यात एक धड डॉक्टर न्हाई.

१४ जानेवारी. मंठा

संक्रांत. बाबांनी दारातच विचारलं, "नक्कल केली?"

न्हाई म्हटलं.

"मंग साहेब खोटं बोलून राह्यले का?"

गावभर तीळगूळ वाटला. माझ्या हातावर ठेवला न्हाई.

१७ जानेवारी

घरात बसवत न्हाई. शेतात गेलो. मिरचीची तोड चालू आहे. पिकलेली लाल तेवढी तोडायची. नंदाबाई आमच्याकडं कैक वर्षं कामाला. माझी पाटी बघून थबकली. "बद्रीनाथ, ह्या अर्ध्या हिरव्याच की रे!"

बाया हसल्या. मला वाटलं, चेष्टा. म्हटलं, एक लाल दे, एक हिरवी दे. तिनं तळहातावर ठेवल्या. मी बघत राह्यलो. एक जरा गडद, एक जरा फिकी. बाकी काय?

नंदाबाई हसायची थांबली.

म्हणजे फ्लास्कात रंग बदलत होता. दर वेळी बदलत होता!

१९ जानेवारी

मायचे भाऊ, पुंजाराममामा आले. लग्न न्हाई, एकटेच राहतात. त्यांना मिरच्यांचं सांगितलं. वाटलं, हसतील.

"मलाबी दिसत न्हाई," म्हणाले. "रेल्वेत गार्ड लागणार व्हतो. साहेबानं दोन कंदील दाखवले. लाल कोणता, हिरवा कोणता? चुकलो. नोकरी गेली. गावात बोभाटा झाला. ठरलेली सोयरीक मोडली. आंधळ्याला कोण पोरगी देतो?"

"माझं हे घरात कुणाला ठाऊक आहे?"

मामांनी चुलीकडं बघितलं. माय भाकरी थापायची थांबली.

"तू लहान व्हता तवाच कळलं मला," म्हणाली. "तुझं मामासारखं होऊ द्यायचं नव्हतं."

"मला तरी सांगायचं होतंस, माय!"

तव्यावरची भाकरी जळाली.

२० जानेवारी

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, चला औरंगाबादला, साहेबांना सांगू — मी नक्कल केली न्हाई. बाबांनी उठून आधी दार लोटलं.

"नक्कल केली, असंच राहू दे. नक्कल करणाऱ्याला पोरगी मिळती."