पाणी योग्य आहे

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, गुंडाळलेली गादी आणि कोरफडीची कुंडी एवढाच माझा संसार. टेम्पोतून उतरवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय. स्वयंपाकघरात इतकं छान ऊन येतं की ओट्यावरच मांजरासारखं अंग टाकून द्यावं. ताईला फोन केला. तिचं म्हणणं एकच, आता तरी तोंड बंद ठेवून नोकरी कर. मागच्या दोन नोकऱ्या माझ्या तोंडापायी गेल्या, हे ती मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हटलं, पाणी तपासायचं काम आहे, पाण्याशी कोण भांडतंय.

केंद्राचे मोठे साहेब स्वतः सगळं दाखवायला फिरले. टाक्या दोन. नव्या टाकीतून शहराला पाणी जातं, जुनीतून खालच्या वस्तीला. जुन्या टाकीला लागून एक दगडी खोली आहे आणि तिच्यात गाडीच्या चाकाएवढं लोखंडी चाक. ते फिरवलं की वस्तीला पाणी सुटतं. हे काम आप्पांचं. तीस वर्षं तेच चाक फिरवतायत. माझी प्रयोगशाळा झाडायला मावशी येतात, त्या खालच्या वस्तीतल्याच. चार वर्षांच्या नातीचं कौतुक सांगायला लागल्या की झाडू तसाच हातात राहतो.

माणसं शांत आहेत. कोणी कोणावर ओरडत नाही. साहेबांशी हात मिळवला तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतलेली लागली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. आप्पांचीही तशीच आहेत. म्हटलं, पाण्याचं काम आहे.

६ मार्च, गुरुवार

आज मोठा बीकर फोडला. एका हातात चहा, दुसऱ्यात बीकर, आणि कोपराने दार ढकलायला गेले. सगळी चूक माझी. साहेबांना जाऊन तसं सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, तुम्ही नाही फोडलात, तो फुटला. तसं म्हणून तर बघा.

गंमत म्हणून मी म्हटलं, फुटला. आणि खरंच पोटातली बोच गेली, जड पिशवी कोणीतरी हातातून घ्यावी तशी. दिवसभर हलकं वाटत होतं. आता लक्षात येतंय, इथे सगळे असंच बोलतात. फाईल हरवते, पंप बिघडतो, पत्र जायचं राहून जातं. 'मी' म्हणून कोणी सुरुवातच करत नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, तुझ्यासाठी अगदी योग्य जागा आहे.

संध्याकाळी भांडी घासताना उजव्या हाताच्या एका बोटाला गरम पाणी लागतच नव्हतं. नस दबली असेल.

१२ मार्च, बुधवार

सोमवारी दोन्ही टाक्यांचे नमुने घेतले होते. या तपासणीत एक सोय असते. घाण मिसळलेली असेल तर दोन दिवसांत बाटलीतलं पाणी काळं पडतं, शाळेतल्या पोरीलाही कळावं असं. नव्या टाकीची बाटली स्वच्छ आहे. जुन्या टाकीची डांबरासारखी काळी झाली. टाकीला कुठेतरी तडा गेला असणार आणि शेजारच्या नाल्याचं पाणी आत झिरपत असणार. नोंदवहीत 'अयोग्य' लिहिलं, साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

१३ मार्च, गुरुवार

वस्तीचं पाणी चालूच होतं म्हणून तणतणत साहेबांकडे गेले. त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. कालच्या तारखेला, माझ्या अक्षरात, माझ्या सहीसकट लिहिलंय: पाणी योग्य आहे. खाडाखोड नाही की काही नाही. मी 'अयोग्य' लिहिलं होतं, मला स्वच्छ आठवतंय. साहेब म्हणाले, लिहिलं गेलं असेल.

त्यांच्यादेखत पुन्हा लिहिलं. मी 'अ' काढायला गेले आणि हात 'यो' काढून मोकळा झाला. सगळी बोटं बधिर होती, दुसऱ्या कोणाची तरी बघावीत तशी मी ती बघत होते. साहेब समजूतदारपणे मान हलवत होते.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरांना हात दाखवला. हाताला काही झालेलं नाही म्हणतात.

वहीत सहा वेळा 'योग्य' आहे. माझं चुकलं असेल, बाटलीच खराब असेल, असं आताशा वाटू लागलंय. असं वाटलं की झोप छान लागते.

१९ मार्च, बुधवार

मावशी दोन दिवस आल्या नाहीत. आज निरोप आला. वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आहे. एक मूल दगावलं. मावशींची नात इस्पितळात आहे, सलाईनवर.

फळीवर मागे, रिकाम्या डब्यांच्या आड, ती काळी बाटली सापडली. ती तिथे सरकली नव्हती. मी सरकवली होती. हे माझ्या हाताने परस्पर केलेलं नाही. वहीपुढे नसले की बोटं तेव्हा माझ्या ताब्यात असायची, एक सोडून. रोज नजरेला पडते, त्रास होतो, म्हणून सरकवली.

आज नखांखालची कातडी पाहिली. पांढरी, सुरकुतलेली.

२० मार्च, गुरुवार

जुन्या टाकीच्या खोलीत आप्पांना गाठलं. ते माझ्याशी बोलत होते, तोंड माझ्याकडे होतं, आणि मागे त्यांचे दोन्ही हात चाक फिरवत होते. एकदाही वळून न बघता. मी म्हटलं, आप्पा, हात थांबवा. ते म्हणाले, माझे नाहीत हो ते.

मग सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी असंच झालं होतं. पाणी खराब आहे हे त्यांना वासावरून कळलं होतं, तरी चाक फिरवलं. वस्तीतली नऊ मुलं गेली. त्यांना अन्न जाईना, झोप येईना. जीव द्यायला टाकीच्या काठावर जाऊन बसले. तिथे साहेब आले आणि म्हणाले, तुम्ही नाही केलंत, ते झालं. आप्पा 'हो' म्हणाले. त्या दिवसापासून झोप लागते. पण हात गेले. जेवण भरवतात, चाक फिरवतात, पण आप्पांना विचारून काही करत नाहीत.

मी विचारलं, मग कोणाचे आहेत ते? त्यांनी टाकीकडे पाहिलं.

"विचारलं नाही कधी," ते म्हणाले. "मी हो म्हटलं, बाई. माझं असं तेवढंच शेवटचं."

२१ मार्च, शुक्रवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नये.

सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, बीकर मी फोडला. तर्जनीत कळ आली, उकळतं पाणी ओतावं तशी. पण आली. बोट माझं झालं.

म्हणजे वाट आहे.

मग पुढचं म्हटलं. बाटली काळी आहे हे मला माहीत होतं. ती मी लपवली. वहीत 'योग्य' मी लिहिलं, सहा वेळा. हात माझ्या ताब्यात नव्हता, हे खरं. पण तो घालवला कोणी? हलकं वाटतंय म्हणून मीच ना.

मी जमिनीवर बसून ओरडले. शेजारचे आले नाहीत. दुपारी चमचा धरता आला.

२२ मार्च, शनिवार

इस्पितळात गेले. मावशी नातीच्या पायाशी बसल्या होत्या. पोरीचे डोळे आत गेलेत. मी सगळं सांगितलं, 'मी, मी' म्हणत. मावशींनी नातीचं पांघरूण सारखं केलं.

"सात वर्षांमागे माझा धाकटा लेक गेला," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणाले, झालं. झालं म्हणे. राग तरी कोणावर धरायचा, तेच कळेना. आता कळलं. तुझ्यावर."

त्यांनी मला माफ केलं नाही. बरं केलं. उठल्या आणि नळाला तोंड लावू नका हे सांगायला वस्तीत निघाल्या. जाताना म्हणाल्या, नवी टाकी आहे ना, तिचं आण. जीव गेला तरी आण.

साहेबांपुढे अहवाल ठेवला. ते फार मायेने बोलले. इथे कोणी दोषी नाही, कोणाला गोळी घेऊन झोपावं लागत नाही, तुम्ही का स्वतःला जाळून घेता. बोलता बोलता त्यांचे हात माझा अहवाल फाडत होते. बारीक, सारखे तुकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं, हात काय करतायत ते त्यांना दिसत होतं.

मी म्हटलं, साहेब, दुसरा लिहिते.

२४ मार्च, सोमवार

वरच्या कार्यालयात फोन लागला. तपासणी पथक उद्या चार वाजता येतंय, नव्या टाकीचं पाणी वस्तीला तेच जोडून देणार. तोवर जुन्या टाकीचं चाक बंद ठेवायचं. वस्तीत विहिरीचं पाणी उकळून वापरतायत, पण नळ सुटला की कोणीतरी पिणारच. ऊन आहे, लेकरं आहेत.

हात संध्याकाळपासून पुन्हा — थंड.

पाणी योग्य आहे. सर्व ठीक आहे. पाणी योग्य आहे.

वरची ओळ मी लिहिलेली नाही.

नाही. माझ्याच हाताने लिहिली, मीच लिहिली. खोडते आहे ती मी. बघ, खोडली. जे कोणी आहेस, बघून घे.

२५ मार्च, मंगळवार, दुपारी एक

चाक मी बंद केलं. पूर्ण ताकदीने, दोन्ही हातांनी, शिव्या देत. खोलीला आतून कडी. चाकाच्या आऱ्यांत लोखंडी पहार अडकवली आहे. पाठ चाकाला लावून बसले आहे.

ताईला फोन केला. नोकरी जाणार, म्हटलं. ती म्हणाली, कडी नीट लाव.

दीड

भिंतीपलीकडे टाकीतलं पाणी — हलतंय. आत कोणी कूस बदलावी तसं. भिंत ओली झाली आहे. ओल हातांच्या आकाराची. एकावर एक. लहान पण आहेत —

मोजणार नाही. भिणार आहे, भ्यायलेच आहे. पण उठणार नाही.

पावणेदोन

सगळे बाहेर आले आहेत. खिडकीच्या फटीतून दिसतात. साहेब, पंपवाले, कारकून. तोंडं शांत. एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा. हात दारावर.

साहेब विचारतायत, जेवलात का.

उजवा हात पहारीकडे चालला आहे. डाव्याने धरून — नाही. म्हटलं, तू माझा आहेस. तू जे केलंस ते मी केलं. थांबला.

पुन्हा चालला. पुन्हा म्हटलं. दर मिनिटाला म्हणावं लागतंय. म्हणेन. चारपर्यंत म्हणेन. गरज पडली तर —

दोन वाजून दहा

बिजागरी निघाली, वरची. बाकीचे दमून मागे झाले, आता आप्पा एकटेच पुढे आहेत. त्यांचे हात सगळ्यात जुने, सगळ्यात जोराचे. धाड, धाड. एकापाठोपाठ एक.

आप्पा दाराला तोंड लावून बोलतायत. रडतायत. बाई, आवरत नाहीत हो. बाजूला व्हा. लागेल तुम्हाला.

मी आतून विचारलं, आप्पा, सात वर्षांपूर्वी चाक कोणी फिरवलं?

धाड, धाड.

पुन्हा विचारलं.

साहेब घाईघाईने म्हणाले, ते झालं होतं, आप्पा, झालं होतं. साहेबांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

भिंतीतून पाणी. पायाशी. वही मांडीवर उचलून —

"मी," आप्पा म्हणाले. हळू. मग मोठ्याने. "वास आला होता मला. मी फिरवलं. नऊ पोरं. मी."

केवढ्याने ओरडले. अजून ओरडतायत. जिवंत आहेत म्हणून ओरडतायत, मला माहीत आहे ती कळ.

धाड.

आता दारावर एकच हात वाजतोय. फटीतून दिसतंय, दुसरा आता त्यांचा आहे, त्याने ते पहिल्याला मागे ओढतायत —