मी न मारलेल्या उड्या

ती. दादा यांस,

तुमच्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुमचा गुडघा ताळ्यावर आला का आणि वहिनी अजून तुमच्याशी बोलतात का, हे दोन्ही कळवावे. इकडे मी, मुलगी आणि विज्ञान असे तिघेही खुशाल आहोत. त्यातले विज्ञान माझ्यामुळे खुशाल आहे. ही बढाई नाही, सविस्तर सांगतो.

मुलीच्या प्रयोगशाळेत गुरुत्वीय लहरी पकडतात. म्हणजे काय, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. मला तिने तीनदा समजावले आहे, तेव्हा आता मी तुम्हाला एकदाच समजावतो. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरता फिरता जवळ येतात, फिरण्याचा वेग वाढत जातो आणि शेवटी दोन्ही मिसळून एक होतात (आमच्या संसाराचे तसेच झाले, फक्त आमच्यात बाहेर ऐकू जाते). त्या धक्क्याने अवकाशच ताणले आणि आकसले जाते. ती लहर अब्जावधी वर्षांचा प्रवास करून इथे पोहोचते तेव्हा इतकी क्षीण झालेली असते, की काही किलोमीटर लांबीच्या नळीत तिच्यामुळे पडणारा फरक अणूच्या गाभ्याहूनही लहान असतो. तो मोजायला काटकोनात दोन लांबलचक नळ्या, त्यात दोऱ्यांवर टांगलेले आरसे आणि मध्ये लेसरचा प्रकाश. साहजिकच इथे सगळे चोरपावलांनी चालतात. गवत ठरल्या वेळीच कापतात, आणि कोणी गाडीचे दार आपटले तर आतली माणसे त्याच्याकडे अशी बघतात, की त्याने पुढच्या वेळी चालतच यावे.

अशा ठिकाणी मी पाहुणा म्हणून आलो. गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. पण मी चालायला निघतो आणि ओळखीच्या दुकानात ठाण मांडतो हे तुमच्या बहिणीला पाठ असल्याने तिने घरातल्या घरात उड्या मारण्याचे फर्मान काढले, आणि माझ्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधले. त्याचे आकडे तिच्या फोनवर दिसतात. पाहुण्यांच्या खोलीत पहिल्याच सकाळी मी उड्या सुरू केल्या, तर मुलगी धापा टाकत आली. तिच्या आलेखावर माझी एकूण एक उडी उमटली होती. उड्या दुपारी मारा, तेव्हा यंत्र बंद असते, असे ठरले. दुपारी मी झोपतो. आता मायलेकींपैकी कोणाला दुखवायचे? मी दोघींचाही मान राखला. रोज सकाळी घड्याळ दोरीने टेबलफॅनसमोर टांगू लागलो. ते झुलायचे, पावले वाढायची, जमीन शांत राहायची आणि मी पलंगावर बिस्किटे खात पडायचो. आरसे टांगून ते शास्त्रज्ञ होतात, मी घड्याळ टांगले तर बिघडले कुठे?

गेल्या आठवड्यात मुलगी सकाळच्या पाळीवर असताना यंत्राने एक धक्का टिपला. अगदी छोटा, जड, धप्पकन. कृष्णविवरे जितकी भारी तितका सूर खालचा आणि कारभार झटपट आटोपतो म्हणे. इतकी भारी जोडी क्वचितच सापडते, आणि ती हिच्या पाळीत सापडली. अडचण एवढीच, की तोच धक्का टिपून साक्ष देणारे दूरचे दुसरे केंद्र दुरुस्तीसाठी बंद होते, आणि माझ्या खोलीजवळचा जमिनीची थरथर मोजणारा यंत्राचा तुकडाही काढून नेलेला होता. पोरीने आनंदाने आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, तेव्हाच तर ह्यांच्या उड्या चालल्या होत्या. माझ्या फोनवर दिसतंय ना." मुलीने ते लगेच वर कळवले. तिच्या साहेबांना सगळे मागून शंकासुर म्हणतात. त्यांनी तर तिची कृष्णविवरे म्हणजे तिचे वडील, असे ठरवूनच टाकले. पोरीची कित्येक वर्षांची मेहनत माझ्या नसलेल्या उडीपायी पाण्यात चालली होती.

मी त्यांच्या बैठकीत उभा राहिलो आणि सांगितले, की मी उडी मारलीच नाही, मी आडवा होतो. शंकासुर म्हणाले, "घड्याळ तर वेगळंच सांगतंय." मी म्हटले, "खोलीवर चला." मग माझ्या पलंगावर, खुर्चीवर आणि दारात मावतील तेवढे विद्वान दाटीवाटीने बसले. मी घड्याळ टांगले, पंखा लावला. पावले भराभर वाढू लागली आणि नव्याने बसवलेल्या मापकावर जमीन ढिम्म. नंतर पडताळा म्हणून मला खरोखरच्या उड्या मारायला लावल्या. माझा धप्प होतो आणि मग पलंग, कपाट यांच्यासह बराच वेळ रेंगाळतो. कृष्णविवरांचा सूर चढत जातो आणि मिसळल्यावर लगेच विरतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवल्यावर शंकासुरांनीही मान हलवली. मुलगी आधी हसली, मग रडली, मग सर्वांदेखत माझ्या गळ्यात पडली. दादा, मला तिचा फार अभिमान वाटला. आता अहवालात 'पाहुणे त्या वेळी पलंगावर आडवे होते' असे वाक्य जाणार आहे. आळसाची इतकी काटेकोर तपासणी आजवर झाली नसेल.

तुमचा,
विज्ञानाच्या कामी आलेला मेहुणा

ता. क. तो अहवाल आज ना उद्या तुमच्या बहिणीच्या हाती पडणार. ती ऐकते फक्त तुमचे. तेव्हा पंख्याचे प्रकरण तुम्हीच हळूच तिच्या कानावर घालावे.

ता. क. वरचे रद्द समजावे. आत्ताच तिचा फोन आला. तिला सगळे आधीपासून माहीत होते. ती रोज सकाळी फोन करायची, आणि उड्या चालू असताना माणूस फोनवर बिस्किटे चावत बोलत नाही, म्हणाली. मग पोरीला उड्यांचे का सांगितले? तर बाबा स्वतःकडे बघत नाहीत म्हणून पोरीने तिकडे झुरू नये. आम्ही दोघांनी लेकीला जपता जपता तिची कृष्णविवरे बुडवलीच होती. मग म्हणाली, "मला आकडे नकोत हो, तुम्ही हवे आहात."

ता. क. पत्र लिहायचे मूळ कारण राहिलेच. पडताळ्याच्या उड्यांनंतर छातीत पुन्हा तसेच दुखले. आता बरे आहे. मी शनिवारी घरी परततो आहे, तुमच्या ओळखीच्या त्या हृदयाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेऊन ठेवा. तुमच्या बहिणीला मी हे फोनवर सांगितले आहे, ती सोबत येणार आहे. मुलीला मात्र तपासणी होईपर्यंत कोणी काही बोलू नये. तिने अहवाल लिहायला घेतला आहे.