पिवळे दिवे कोणी उचलले?

जळोची, १९ जानेवारी १९९६

प्रिय रोहिणी,

तुझे यजमान जोतीरामराव माझ्या ट्रकची ड्रायव्हरी सोडून बावड्याला निघून आले, त्याला आज आठ दिवस झाले. त्यांनी तुला काय सांगितले ठाऊक नाही. माझ्या बाजूने कोणी सांगणार नाही, म्हणून मीच लिहितो.

पहाटे धुके दाट पडते म्हणून ट्रकला पुढे पिवळे दिवे बसवले. गोदामाच्या भिंतीवर दिव्यांच्या उंचीला खडूने रेघ मारली, ट्रक पंधरा पावले मागे घेतला आणि उजेड रेघेच्या चार बोटे खाली पडल्यावर नट आवळले. समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून. तरी मक्याची पोती घेऊन जावई एमआयडीसीत शिरले की मोटारसायकलवाले शिव्या देत. ट्रक रिकामा होऊन आला की मी भिंतीपुढे लावून बघायचो, तर उजेड जागच्या जागी! मला वाटले, हे वाटेत दिवे वर करतात आणि परतताना खाली. माझे नाव खराब झाले की मी ट्रक विकीन, मग हेच घेतील. तूही त्यात असशील, असे एकदा मनात आले. खोटे कशाला सांगू?

गुपचूप नटांना दोरा बांधला. दोरा तसाच राहिला. वाटले, यांनी तोडून नवा बांधला असेल.

मग मोटारसायकलवरचा एक कामगार डोळे दिपून रस्त्याकडेच्या चारीत पडला, त्याचा हात मोडला. स्टँडवर चार माणसांत मी विचारले, "जावई, पाना कुणी फिरवला?" ते म्हणाले, "मामा, आमी हात लावला न्हाय. तुमच्या लेकीची शपथ." मी म्हणालो, "लेक माझी हाय, तुमी कशाला तिची शपथ घेताय?" त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि चालते झाले.

काल दुसऱ्या ड्रायव्हरने आणलेला ट्रक भरलेलाच भिंतीपुढे उभा केला. उजेड रेघेच्या हातभर वर! पोत्यांच्या वजनाने मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबतात, ट्रकचे तोंड वर होते आणि त्याबरोबर दिवेही. मी दिवे रिकाम्या ट्रकवर लावले होते. चाळीस वर्षे गाड्यांत काढून मला हे सुचू नये!

त्या कामगाराच्या घरी जाऊन चूक माझी म्हणून सांगितले. स्टँडवरही सांगितले. जोतीरामरावांना सांगायचे राहिले आहे आणि तेच जड जाते. सोमवारी बावड्याला यावे म्हणतो. ते मला घरात घेतील का, एवढे कळव. तू बापाला बरे वाटावे म्हणून गोड लिहिशील, याची मला खात्री आहे. म्हणून उत्तर त्यांच्या हातचे पाठव.

तुझाच,
आबा