मनीप्लँटातली चिलटं

३ ऑगस्ट
परत चिलटं! मनीप्लँटच्या मातीतून उठतात नि थेट मामंजींच्या नाकात. ते झोपाळ्यावर, कुंडी शेजारच्या खिडकीत. हलवू म्हटलं तर नको म्हणतात.

नवऱ्याचं, रघुरामचं फर्मान — "आईच्या वर्षश्राद्धाला पानात चिलट पडलं तर भटजी उठून जातील. त्याआधी कुंडी बाहेर!" सासूबाईंचं पहिलंच वर्ष. पण कुंडी माझ्या माहेरची, तंजावरहून मांडीवर घेऊन आणलेली. नाही टाकणार!

५ ऑगस्ट
पिवळे चिकट कागद खोचले. चिलटं चिकटली. रघुरामची बाहीपण.

६ ऑगस्ट
मामंजींची बहीण साक्कोट्टैहून आली. तिने चहा मागितला. मामंजी म्हणाले, "का? बरं नाही का तुला?" या घरात चहा म्हणजे आजारपण!

मला मात्र कॉफीचा रिकामा टंबलर परत करून, "बेस झाली!" रोज म्हणतात. सासूबाईंनी शेजारी उभं करून शिकवलेलं डिकॉक्शन. तेवढं एक मला नीट जमतं.

८ ऑगस्ट
कडुलिंबाची पेंड घातली. घरभर वास. माणसं हैराण, चिलटं मजेत.

१० ऑगस्ट
पाणी बंद. माती सुकली की अळ्या मरतात म्हणे. वर कावेरीची वाळू पसरली. बघू.

१४ ऑगस्ट
पाणी बंद, तरी माती ओली! वाळू तपकिरी. चिमूटभर नाकाशी नेली — कॉफी!

१५ ऑगस्ट
दाराआड उभी राहिले. मामंजींनी टंबलर उचलला, तोंडाशी नेला, थांबले. इकडेतिकडे पाहिलं. सगळी कॉफी कुंडीत! वर हाक — "सौम्या, बेस झाली!"

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी पेंडी काय घालते, वाळू काय पसरते! इतकी वाईट करते मी कॉफी? मग तोंडावर सांगायचं. वर्षभर खोटं कशाला? आधी राग आला. मग न्हाणीघरात जाऊन रडले. दुपारी सांबार खारट झालं, त्यालाही "बेस" म्हणाले.

१६ ऑगस्ट
विचारलंच.

मामंजींनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "वाईट नाही गं. अगदी तिच्या हातची होते. तोंडाशी नेली की घशाखाली उतरत नाही."

चहा ठेवला. "वाईट आहे," म्हणाले. सगळा प्यायले.