लाल दोरीचा कॅन

कातलेहोंग,
२० जानेवारी २००८

ती. झोदवा आत्यास,
मेलुसीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल फक्त आई आहे, आणि तीसुद्धा माझ्यावर चिडायला मिळतंय म्हणून. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच आहे. हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं तर निम्मं ओरडूनच सांगितलं असतं.

कॉलेज सोडलं. तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. बाबांच्या आजारपणात माझी हजेरी बुडाली, ती भरून द्यायला गेलो, तर मास्तर वर्गासमोर म्हणाले की परीक्षा आली की दरवर्षी कुणा ना कुणाचा बाप मरतोच. मी खुर्ची उलटी केली आणि बाहेर पडलो. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की नोल्वाझी, माशांच्या दुकानात काम करते ती, त्याच वर्गात बसली होती आणि माझ्यामागे उठून आली नाही. मी रागाने विचारलं तर म्हणते, मी पण आले असते तर दोन मूर्ख बाहेर उभे राहिले असते. तेव्हापासून ती दर शनिवारी येते, बाबांच्या माशांच्या टाकीचं पाणी तपासते, पोवळ्यांशी बोलते, आईशी बोलते, आणि माझ्याशी फक्त खारटपणा किती झाला एवढंच बोलते. आत्या, मला जेवण जात नाही. हसू नकोस.

टाकीबद्दलच मुख्य लिहायचं आहे. एकोणतीस मार्चला बाबांच्या आत्म्याला घरी आणण्याचा विधी ठरला आहे, ते तुला आईने कळवलंच असेल. आता आई म्हणते की पुढच्या खोलीत माणसं बसणार कुठे, टाकी काढा. शहरातला एक हॉटेलवाला न्यायला तयार आहे. आई इतकी कठोर असेल असं मला वाटलं नव्हतं. नवऱ्याला घरात बोलवायचं आणि त्याचा समुद्र घराबाहेर काढायचा!

आणि वेळ तरी कुठली! मालकांना दिवस गेलेत. हो, बाबांचा तो जुना समुद्रघोडा, त्यांच्यात पिल्लं नरच पोटात वाढवतो. पोट इतकं पुढे आलंय की पोहताना सुपारी गिळल्यासारखा दिसतो. मालकीण रोज सकाळी येऊन त्याच्या शेपटीला शेपटी गुंफते, दोघं रंग बदलतात, एक फेरी नाचतात, मग आपापल्या कामाला. बाबा चहाचा कप घेऊन हा नाच बघितल्याशिवाय रेल्वेच्या कारखान्यात जायचे नाहीत.

दोन गोष्टी कर. एक, आईला लिही. तू बाबांची बहीण, विधीत तुझा शब्द शेवटचा, ती टाळणार नाही. दुसरी, इसिपिंगोचं पाणी पाठव. पुडीतल्या मिठाचं पाणी चालतं, पण पिल्लं व्हायची असली की बाबा खऱ्या समुद्राचंच घालायचे. लोडशेडिंगमुळे टाकीची हवा रोज तुटते आहे, निदान पाणी तरी चांगलं असू दे.

तुझी माया आहे म्हणूनच इतकं मागतो.
तुझा,
मेलुसी

---

इसिपिंगो,
१ फेब्रुवारी २००८

चि. मेलुसीस,
झोदवा आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हसू नकोस म्हणालास म्हणून शेजारणीकडे जाऊन हसून आले.

खुर्ची उलटी केलीस ते वाचून मला तुझा बाप, माझा एल्फी आठवला. तुझ्या वयाचा असताना त्याने मुकादमाची टोपी समुद्रात फेकली होती. म्हणून तर त्याला वर तुमच्याकडे रेल्वेत नोकरी शोधायला जावं लागलं. तिकडून त्याचं पहिलं पत्र आलं त्यात एकच तक्रार होती, इथे हवेला वास नाही. आम्ही दोघं लहानपणी ओहोटीला खडकांवर शिंपले काढायला जायचो. मी टोपली भरायची आणि हा डबक्यात तोंड घालून ढुंगण वर करून बसायचा. एकदा समुद्रघोडा ओंजळीत धरून मला दाखवायला धावत आला आणि दाखवून झाल्यावर धावत परत सोडून आला. आईने त्या दिवशी टोपली अर्धी का म्हणून मला मारलं, त्याला नाही.

नाताळ करून परत जाताना बसमधला प्रत्येक जण बाटलीभर समुद्र घेऊन जायचा, कुणी आंघोळीला, कुणी पोट साफ करायला, कुणी नजर लागलेल्या पोरासाठी. एल्फी कॅनच्या कॅन चढवायचा. लोक त्याच्याकडे दयेने बघायचे. एका म्हातारीने तर विचारलं होतं, की बाळा, असं केलंस तरी काय.

पाणी न्टुली ड्रायव्हरच्या टॅक्सीतून उद्या येईल, पत्राच्या आधी पोचेल. चारांपैकी तीन कॅन माशांचे. चौथ्याला लाल दोरी बांधली आहे, तो तुझा. आमच्या चर्चच्या बाबा शांगेंनी त्यावर प्रार्थना केली आहे आणि राख आणि व्हिनेगर घालून दिलं आहे. हात सढळ आहे त्यांचा. त्याने पहाटे आंघोळ कर, डोकं थंड होईल आणि त्या मुलीचं मन वळेल. न्टुलीला नीट समजावून सांगितलं आहे.

तुझ्या आईला कठोर म्हणालास ते मला आवडलं नाही. त्यावर नंतर लिहिते, आज हात दुखतो. मक्याचा फुथू आणि दही तरी खात जा.

तुझ्यावर नेहमीच जीव असलेली,
झोदवा आत्या

---

कातलेहोंग,
४ फेब्रुवारी २००८

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाणी मिळालं. त्याचे आभार मानायला मन नाही, कारण आता पाण्यात राहायला फारसं कुणी उरलं नाही.

शनिवारी सकाळी नोल्वाझी आली, तिने बाबांच्या मोठ्या पोवळ्याची एक सडकी फांदी कापली. संध्याकाळी न्टुली आला. त्याने सांगितलं की लाल दोरीचा कॅन आत्याने स्वतः खास दिला आहे. म्हणून तोच आधी ओतला. तळाशी करडा गाळ होता, आपल्या किनाऱ्याची वाळू म्हणून तीही प्रेमाने ओतली. रविवारी सकाळी टाकी दुधासारखी पांढरी. पोवळी आक्रसून, त्यांच्यावर शेंबडासारखा चिकट थर. मालकीण तळाशी आडवी. मालक पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. त्यांना उचलून साध्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं आहे.

नोल्वाझी दुकानातून धावत आली, पाणी शुद्ध करायच्या कोळशाच्या पिशव्या घेऊन. मी तिला दारातच अडवलं. दुकानात दिवसभर माशांच्या औषधात हात असतात तिचे, त्याच हातांनी तिने कात्री घातली, दुसरं काय कारण असणार? मी बरंच बोललो. हेही बोललो की तुला वर्गातून उठता आलं नाही, आता इथून तरी उठ. तिने कोळसा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली.

आईने तो कोळसा आत आणला आणि यंत्रात भरला. कसा भरायचा हे तिला कसं माहीत, कोण जाणे.

हॉटेलवाल्याला आता रिकामी काचच मिळेल.

मेलुसी

---

कातलेहोंग,
११ फेब्रुवारी २००८

आत्या,

तुझं एक तारखेचं पत्र आज आलं.

राख. व्हिनेगर. सढळ हात.

पत्र आईने वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मग खरंच रडली.

तुला मी काही बोलणार नाही. बोलायला तोंड उरलंय कुठे? जे काही होतं ते सगळं त्या मुलीला बोलून झालं आहे. आता तिच्या दुकानाच्या फूटपाथवर पाऊल ठेवायचं तरी कसं ते सांग. आत्ताच मी तिथे रस्त्याच्या पलीकडे उभा राहून आलो. ती खिडकीची काच पुसत होती, बराच वेळ एकच जागा.

मेलुसी

---

इसिपिंगो,
२० फेब्रुवारी २००८

चि. मेलुसीस,
आशीर्वाद.

दोन्ही पत्रं एकदमच हातात पडली. मी किनाऱ्यावर जाऊन बसले. एल्फीला तोंडाने सांगितलं की तुझा समुद्र मी नासवला, तुझ्या पोराचं भलं करायला गेले आणि तुझी पोवळी मारली. ऐकलं असेल तर त्याने आपलं नेहमीचं केलं असेल, म्हणजे मान हलवून डबक्यात तोंड घातलं असेल.

बाबा शांगेंना सांगितलं. ते म्हणाले की पाण्याने काम चुकीच्या अंगावर केलं. त्यांना वाईट वाटलं आहे, त्यांना काही लिहू नकोस.

आता आईबद्दल. तू म्हणतोस कठोर. त्या टाकीचं यंत्र रात्रंदिवस घुमतं ना? लग्न होऊन आल्यापासून ती त्या घुमण्याच्या आवाजात झोपली, आणि आवाजाबरोबर एक माणूस असायचा. आता नुसताच आवाज आहे. हे तिने मला मागच्याच महिन्यात लिहिलं होतं. तुला सांगू नको म्हणाली होती, पण तुला सांगितल्याशिवाय कळत नाही. टाकी काढायची ती माणसं बसवायला नाही. तिला झोप यावी म्हणून.

मुलीकडे जा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. माझं ते पत्र बरोबर घेऊन जा आणि तिला वाचायला दे. तुझ्या तोंडापेक्षा माझं अक्षर बरं आहे.

जीव लावून आहे,
आत्या

---

कातलेहोंग,
५ मार्च २००८

ती. झोदवा आत्यास,
मेलुसीचा शि. सा. न. वि. वि.

गेलो. पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचायला घेतलं, राखेपाशी आली तेव्हा माशांच्या खाण्याच्या पोत्यावर बसली, आणि सढळ हातापाशी पोचल्यावर इतकी हसली की दुकानदार आतून बघायला आला. मी समोर उभाच. मग डोळे पुसून म्हणाली, "माफी मागायचा सराव झालाच आहे, तर आता मास्तरांकडेही जाऊन ये." मी म्हणालो, त्यांच्याकडे जाणार नाही. ती म्हणाली, बरं. त्या बरंमध्ये इतकं काही होतं की मी दुसऱ्या दिवशी गेलो. मास्तरांनी दरवाजा अर्धाच उघडला. आत खुर्ची मात्र तीच होती, मोडलेला पाय जोडलेली. जूनपासून परत बसू देतील म्हणाले, पाहू म्हणाले.

नोल्वाझी संध्याकाळी आली. तिच्याकडे दुकानाच्या टाकीत बाबांच्याच पोवळ्याची फांदी आहे, बाबांनी स्वतः तोडून दिलेली. मला आठवतं, ते कुणालाही तुकडा द्यायचे आणि म्हणायचे की आपल्याकडचं मेलं तर मागायला एक घर तरी असावं. बाबांनी अशी बरीच घरं केली होती, हे आता कळतंय. ती त्यातलं बोटाच्या पेराएवढं घेऊन आली आणि दगडाला चिकटवलं. त्यावर अजून एकही तोंड उघडलेलं नाही. ती म्हणते, घाई करू नकोस, तुझ्यासारखं आहे, आधी रुसेल.

मालक जगले. बादलीतच बाळंत झाले. पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, बरीचशी गेली, थोडी आहेत. पण आत्या, परत टाकीत सोडल्यापासून ते रोज सकाळी नाचाच्या जागी येतात, शेपूट दगडाला गुंफतात, रंग बदलतात आणि थांबतात. आई काल चहाचा कप घेऊन तिथे आली होती. तिला मी बघतोय हे माहीत नव्हतं. तिने काचेवर बोट ठेवलं.

मी आता टाकी राहू दे असं आईला म्हणत नाही. तिला झोप यायला हवी. नोल्वाझी मालकांना दुकानात ठेवून घेईल. विधीच्या दिवशी बाबांना घरी आणताना टाकी तिथे नसेल, एवढं मला सोसवत नाही, पण सोसेन. हॉटेलवाल्याला पंचवीस तारखेला यायला सांगितलं आहे. तू काय म्हणशील ते कळव.

तुझा,
मेलुसी

---

इसिपिंगो,
१४ मार्च २००८

चि. मेलुसीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदाच त्यात कुणावर राग नव्हता, म्हणून अक्षर तुझंच आहे ना हे बघायला दुसऱ्यांदा.

यासोबत तुझ्या आईला वेगळी चिठ्ठी आहे, ती उघडू नकोस. त्यात मी हुकूम केलेला नाही, विचारलं आहे. रात्री त्या खोलीचं दार बंद केलं आणि यंत्राखाली जाड कांबळं घातलं तर आवाज किती उरेल, हे बघून तिनेच ठरवायचं. ती नको म्हणाली तर नको. तिने हो म्हटलं तर मात्र पुढचं माझं.

एल्फीला घरी आणायचं म्हणजे त्याला बसायला जागा दाखवायची. गावाकडच्या घराला मागच्या भिंतीशी पितरांचा कोपरा असतो, तिथे आपण त्यांना बसवतो. तुमच्या तिकडच्या घराला तो कोपरा नाही, म्हणून तुझे काका गेला महिनाभर भांडताहेत, कुणी म्हणतं स्वयंपाकघर, कुणी म्हणतं मागची पडवी. त्यांना भांडू दे. माझा भाऊ आयुष्यभर सकाळी कुठे बसला? ज्या काचेसमोर बसला तोच त्याचा कोपरा. ज्या काटेरी फांदीवरून पितर घरी येतो ती आणून तिथेच ठेवायची, बिअरचं मडकं तिथेच, आणि हाक मी मारणार. मला स्वतःला ऐकू येत नसलं तरी माझी हाक लांबवर जाते, तुला माहीत आहे.

हॉटेलवाल्याला आईच्या उत्तरानंतरच काय ते सांग. मी अठ्ठावीसला दुपारपर्यंत पोचते, न्टुलीच्या शेजारच्या सीटवर, हातात काही पाणीबिणी न घेता.

एक राहिलं. हाक मारताना इंपेफोची पानं जाळावी लागतात, त्याचा धूर दाट असतो. तो धूर पाण्याला चालतो का, आणि नसेल तर किती लांब जाळायचा, हे आधी नोल्वाझीला विचारून ठेव. ती सांगेल तिथे मी बसेन.

भेटीची वाट पाहणारी,
तुझी झोदवा आत्या