पॉइंट दोन टक्क्यांचा प्रश्न

३ मे
आजपासून पेन्शनची तयारी. वय एकोणपन्नास, म्हणजे अगदी योग्य वेळ. कारखाना म्हणतो, ३१ तारखेच्या आत कुठल्याही कंपनीत पेन्शन खातं उघडा, निम्मा हप्ता आम्ही भरू. पॅकिंगवाले लगेच फॉर्म मागायला धावले. मेंढरं! चार्जेस कोण बघणार?

५ मे
मी. तेवीस वर्षं बाटल्या तपासतोय. काचेतला केसाएवढा तडा मला दिसतो, तिथे या कंपन्यांची काय कथा! अकरा माहितीपत्रकं आणली.

९ मे, सकाळी
खातं उघडायचे पैसे, सांभाळायचे पैसे, बंद करायचे पैसे. लुटारू सगळे. तक्ता केला. चार रंगांत.

१४ मे
सर्वांत स्वस्त कंपनी सापडली. चार्जेस वर्षाला पॉइंट चार टक्के. हिरवा रंग दिला. बायको म्हणाली, मग घ्या की. म्हटलं, घाईत निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. त्यावर म्हणते, माहीत आहे, गीझर सहा वर्षं ठरतोय. मुद्दा सोडून बोलते.

२० मे
पॅकिंगच्या मावशींनी तक्त्याची झेरॉक्स मागितली. टक्केवारी त्यांच्या डोक्यावरून जाणार. हिरव्यावर बोट ठेवून दाखवलं. उपकार केले.

२६ मे
नवी कंपनी! पॉइंट दोन! पण खाली बारीक अक्षरात तळटीप. खुलासा मागवला. फरक महिन्याला अर्ध्या चहाचा, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

३१ मे, दुपारी ४
खुलासा नाही. ऑफिसातल्या बाईंचा तिसरा निरोप: पाचला खिडकी बंद. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. मुदत वाढवतील. नेहमी वाढवतात.

१ जून
वाढवली नाही.

४ जून
खुलासा आला. पॉइंट दोन फक्त पहिल्या वर्षी, पुढे दीड टक्का. म्हणजे माझा संशय शंभर टक्के खरा! बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती भाजी चिरत राहिली.

६ जून
जेवणाच्या सुट्टीत मावशी आल्या. पॅकिंगच्या एकोणीस जणांची खाती उघडली, सगळी हिरव्या कंपनीत. आता वारसाच्या फॉर्मवर साक्षीदार हवा, आणि सही साहेबांचीच हवी असा सगळ्यांचा हट्ट. एकोणीस सह्या केल्या. फॉर्म गोळा करता करता मावशींनी विचारलं, साहेब, तुमच्या फॉर्मवर कुणाची सही घेतली?
म्हटलं, अजून तपासतोय.