शेंड्यावरची सात

३ डिसेंबर
सातच्या सात गायब! न्यूमोनियातून उठल्यावर आज पहिल्यांदा फिरायला बाहेर पडलो, तर ओढ्याकाठच्या आमच्या पर्सिमनच्या झाडाच्या शेंड्यावर एकही केशरी फळ नाही. दर वर्षी वरची सात मॅगपाय पक्ष्यांसाठी ठेवायची. वडिलांनी ठेवली, मी ठेवली, शाळेत चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं — खालचं तुमचं, वरचं पाखरांचं. आज दोन मॅगपाय रिकाम्या फांदीवर बसून कर्कश ओरडत होते. बांधावरचं गवत हिवानं पांढरंफटक.

तोंडाला अजून चव नाही. जोमसून सकाळी दोन-चार चमचे पिकल्या फळाचा गर भरवते, तेवढाच काय तो घशाखाली उतरतो. नवऱ्याला बाळ करून ठेवलंय बाईनं.

४ डिसेंबर
भाताच्या खुंटांत रानहंस उतरलेत. सदतीस मोजले, मग दम लागला.

झाडाखाली शिडीच्या पायांचे दोन खळगे, मातीत गोठून घट्ट. एवढी उंच शिडी अख्ख्या गावात एकाचीच — सोल शहरातून इथे राहायला आलेल्या प्योची. आणखी काय पुरावा हवा! घरात फ्रिज भरलेला, तरी पाखरांच्या तोंडचा घास काढायचा?

चावडीत सगळ्यांसमोर विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "शिडी माझीच आहे, गुरुजी." बस्स. माफी नाही, काही नाही. चोर तो चोर — शिरजोर नाही, एवढंच.

५ डिसेंबर
कडक हिव. सातूच्या शेतातली माती फुगून वर आलीय, रोपं तुडवून बसवायला हवीत. मॅगपाय दिसले नाहीत.

७ डिसेंबर
वर्षाची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायला सगळं गाव जमलं. प्योला कुणी बोलावलं नाही. बरं झालं! आणि आमच्या जोमसूननं काय करावं? डबा भरला आणि निघाली त्याच्याकडे. म्हटलं, त्या माणसाला कसली किमची? ऐकून न ऐकल्यासारखं करून गेली. घरातच फितुरी! संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

९ डिसेंबर
प्यो घर विकून परत जाणार म्हणे. जाऊ दे. वेळूच्या बेटात टिचभर पाखरांचा थवा शिरला, बेट नुसतं हलत होतं. बघून नेहमीसारखा आनंद झाला नाही. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

१० डिसेंबर
आज जोमसूनचा चमचा धुवायचा राहिला होता म्हणून तिनं फळ अख्खंच ताटलीत ठेवलं. मी ते फिरवलं. एका बाजूला चोचीनं पाडलेलं भोक.

"हे शेंड्यावरचं?"

"शेवटचं," ती म्हणाली. "नऊ दिवस तुम्ही काही खात नव्हता. बाजारातलं आणलं, तर थुंकलात. पाखरं उडून दुसरीकडे जातील, तुम्ही गेलात तर मी कुठं शोधू?"

वर ती चढली होती. सत्तरीची बाई! शिडी प्योनं धरली होती. त्यानंच तिला बजावलं — वहिनी, सातही संपेपर्यंत गुरुजींना कळू देऊ नका, नाहीतर खायचे नाहीत.

सहा माझ्या पोटात आहेत. सातवं ताटलीत. चावडी दहाला भरते. काठी घेतली, निघतो.